साठ सेकंद म्हणजे किती ठोके?

वॉचडॉग टायमरला सेकंद कळत नाहीत, ठोके कळतात. चिपच्या एका कोपऱ्यात बसलेला तो एक साधा काउंटर असतो. त्यात एक मोठी संख्या भरायची. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ती एकाने कमी होत जाते. शून्य आलं की हा काउंटर कुणालाही न विचारता अख्खी यंत्रणा रीसेट करतो. ते टाळायचं असेल तर शून्य यायच्या आत सॉफ्टवेअरनं येऊन संख्या पुन्हा वर भरायची, आणि हे यंत्र चालू असेपर्यंत करत राहायचं. सॉफ्टवेअर शुद्धीवर आहे याचा वॉचडॉग एवढाच पुरावा मागतो. जिथे यंत्र अडकलं तर बंद-चालू करायला माणूस जवळ नसतो, अशा प्रत्येक ठिकाणी तो लागतो: मोबाइलच्या टॉवरवर, कारखान्याच्या नियंत्रण पेटीत, घराच्या माळ्यावर ठेवलेल्या राउटरमध्ये.

तो नसला तर काय होतं याचं सर्वात बोलकं उदाहरण अवकाशातलं आहे. अमेरिकेचं क्लेमेंटाइन यान जानेवारी १९९४ मध्ये उडालं, चंद्राभोवती फिरून त्यानं उत्तम काम केलं आणि मग ते जिओग्राफोस या लघुग्रहाकडे जायला निघालं. ७ मे १९९४ रोजी त्याच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बिघडलं. थ्रस्टर चालू राहिले, इंधन संपलं आणि यान मिनिटाला सुमारे ८० फेऱ्यांच्या वेगानं गरगरत राहिलं. लघुग्रहाची भेट रद्द करावी लागली. प्रोसेसरमध्ये वॉचडॉगची सोय होती. ती वापरणारं सॉफ्टवेअर मात्र लिहून झालेलं नव्हतं. याउलट ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक कामांच्या अग्रक्रमाच्या गोंधळात वारंवार अडकत होता, पण तिथे पहारा होता. ठरलेलं काम वेळेत झालं नाही की यंत्रणा रीसेट होई आणि पुन्हा उभी राही. अभियंत्यांना दोष शोधून दुरुस्ती मंगळापर्यंत पाठवायला उसंत मिळाली ती त्यामुळे.

या प्रकरणात वॉचडॉग असण्या-नसण्यापेक्षा एका बारीक, पण माझ्या मते फार महत्त्वाच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वॉचडॉग आहे, सॉफ्टवेअर तो वापरतंय, आणि तरीही तो वेळेवर चावत नाही, असं होऊ शकतं. कारण तो कुठल्या क्लॉकवर मोजतो, हे कुणीतरी चुकीचं लिहून ठेवलेलं असतं.

आधी हिशेब पाहू. सिनॉप्सिस कंपनीचं डिझाइनवेअर नावाचं वॉचडॉगचं डिझाइन अनेक चिप बनवणारे विकत घेऊन आपल्या चिपमध्ये बसवतात. त्याच्या नेहमीच्या रूपात हवी ती संख्या भरता येत नाही. सोळा ठरलेल्या संख्यांपैकी एक निवडायची: दोनाचा १६ वा घात, १७ वा घात, असं करत ३१ व्या घातापर्यंत. आता क्लॉक २४ मेगाहर्ट्झचा आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके. सर्वात लहान मुदत येते २.७ मिलिसेकंद आणि सर्वात मोठी ८९.५ सेकंद. तुम्ही ३० सेकंद मागितले तर? २९ वा घात देतो २२.४ सेकंद, ३० वा देतो ४४.७. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे हे हार्डवेअर चालवणारा कोड, मागितल्यापेक्षा कमी मुदत देत नाही, वरची निवडतो. म्हणजे तुम्ही ३० म्हणालात आणि हार्डवेअर ४४.७ वर बसलं. हेच डिझाइन २०० मेगाहर्ट्झवर जोडलं तर तीच सर्वात मोठी संख्या जेमतेम १०.७ सेकंद पुरते. डिझाइन एकच, काउंटर एकच, पण ८९ सेकंद आणि ११ सेकंद यांतला फरक पूर्णपणे क्लॉकचा.

म्हणून ड्रायव्हरला पहिला प्रश्न पडतो: माझ्या काउंटरला कोणता क्लॉक जोडला आहे आणि तो सेकंदाला किती ठोके देतो? हार्डवेअरला हे विचारायची सोय बहुतेक चिपांत नसते. यूएसबीचं उपकरण विचारलं की आपली ओळख सांगतं, पण चिपच्या पोटातला टायमर मुका असतो. कुणीतरी ते आधीच लिहून ठेवावं लागतं.

पूर्वी हे लिखाण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सी भाषेतल्या कोडमध्येच असायचं. प्रत्येक बोर्डासाठी एक वेगळी फाइल. एआरएम प्रोसेसरवर चालणारे बोर्ड वाढत गेले तशा या फाइलींचा ढीग झाला, आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. उपाय नवा शोधावा लागला नाही. सन आणि ॲपलच्या जुन्या संगणकांत वापरलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये, ज्याचं प्रमाणक १९९४ सालचं आहे, हार्डवेअरचं वर्णन झाडासारख्या रचनेत ठेवण्याची पद्धत होती. पॉवरपीसी प्रोसेसरवरच्या लिनक्सनं ती उचललेली होती. एआरएमनंही ती घेतली. यालाच डिव्हाइस ट्री म्हणतात. त्यात कोड नसतो, नुसतं वर्णन असतं. बूटलोडर ते वर्णन कर्नलच्या हातात देतो आणि कर्नल ते वाचून कोणता ड्रायव्हर कुठे लावायचा ते ठरवतो.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा आहे, असं मला नेहमी वाटतं. कोणता गट कुठे आहे, त्याचं क्षेत्र किती, आणि इतर हक्कांच्या रकान्यात शेजारच्या विहिरीत कुणाचा हिस्सा. शेतात उभं राहून पाहणाऱ्याला पाट दिसतो, पण तलाठ्याच्या दप्तरात नोंद नसेल तर त्या पाण्यावरचा हक्क कागदावर नसतो. कर्नल फक्त दप्तर वाचतो. शेतात जाऊन पाहणं त्याला शक्य नसतं.

वॉचडॉगची नोंद जवळून पाहू. सुरुवातीला नाव आणि पत्ता. मग ‘कम्पॅटिबल’ ही ओळ: हे कोणाचं कोणतं डिझाइन आहे, ज्यावरून ड्रायव्हर निवडला जातो. पुढे ‘रेग’: त्याची रजिस्टरं मेमरीच्या नकाशात कुठून सुरू होतात आणि किती जागा घेतात. मग ‘इंटरप्ट्स’. आणि मग आपल्या कामाच्या दोन ओळी, ‘क्लॉक्स’ आणि ‘क्लॉक-नेम्स’. कधी ‘टाइमआउट-सेक’ ही आणखी एक ओळ असते, तीत मुदत सेकंदांत सांगितलेली असते.

‘क्लॉक्स’च्या पुढे हर्ट्झचा आकडा नसतो, हे लक्षात घ्यायला हवं. तिथे क्लॉक पुरवणाऱ्या दुसऱ्या नोंदीकडे दाखवलेलं बोट असतं, आणि त्या पुरवठादाराच्या अनेक फाट्यांपैकी कितवा, हे सांगणारा क्रमांक. आकडा हवा असेल तर कर्नल त्या नोंदीकडे जातो, तिथून तिच्या पुरवठादाराकडे, आणि असं करत बोर्डावरच्या क्रिस्टलपर्यंत पोहोचतो. वाटेत कुठे गुणाकार, कुठे भागाकार झाला ते धरून दर काढतो. थेट आकडा लिहिला असता तर काम सोपं झालं असतं असं वाटेल, आणि काही जुन्या नोंदींत तो तसा लिहिलेलाही आढळतो. पण आकडा फक्त वेग सांगतो. बोट अवलंबित्व सांगतं. हा क्लॉक बंद केला तर वॉचडॉग थांबेल, हे ज्ञान कर्नलला आकड्यातून कधीच मिळणार नाही.

आणि क्लॉक बहुधा एक नसतो, दोन असतात. डिझाइनवेअरच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे ही नोंद कशी लिहायची याच्या नियमपत्रात, ते ‘टीसीएलके’ आणि ‘पीसीएलके’ या नावांनी येतात. पहिला काउंटर चालवतो. दुसरा बसचा, म्हणजे प्रोसेसर ज्या वाटेनं वॉचडॉगच्या रजिस्टरांपर्यंत पोहोचतो त्या वाटेचा. पहिला बंद असेल तर मोजणी थांबते. दुसरा बंद असताना रजिस्टर वाचायला गेलात तर अनेक चिपांवर प्रोसेसर उत्तराची वाट बघत तिथेच गोठतो. एकाच छोट्या उपकरणाच्या या दोन गरजा स्वतंत्र आहेत आणि नोंदीतही त्या वेगळ्या दिसायला हव्यात. काही चिपांत मात्र दोन्ही कामं एकाच क्लॉकवर चालतात. म्हणून बाइंडिंग एका क्लॉकलाही परवानगी देतं, आणि ‘टीसीएलके’ हे नाव सापडलं नाही तर ड्रायव्हर पहिल्याच क्लॉकला दोन्हींचा धनी मानतो.

इथे क्रमाचा प्रश्न येतो. एआरएमच्या एसपी८०५ या वॉचडॉगचंही असंच आहे: आधी मोजणीचा क्लॉक, मग बसचा. नावं दिलेली असतात, पण लिनक्सचा ड्रायव्हर नाव न बघता पहिला क्लॉक उचलतो. कित्येक फाइलींत पहिल्या क्लॉकचं नाव अंडरस्कोर न देता लिहिलेलं होतं, नियमात अंडरस्कोर होता, आणि तरी वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. पुढे नावं नियमाप्रमाणे करण्यात आली. नाव चुकलं तरी चालून गेलं, कारण क्रम बरोबर होता. आता क्रम चुकला असता तर काय झालं असतं, ते आकड्यांत पाहू.

समजा काउंटर ३२,७६८ हर्ट्झच्या क्लॉकवर चालतो आणि बस ५० मेगाहर्ट्झवर. नोंदीत दोघांची अदलाबदल झाली. एसपी८०५ दोन टप्प्यांत काम करतो: काउंटर पहिल्यांदा शून्यावर आला की इंटरप्ट, दुसऱ्यांदा आला की रीसेट. त्यामुळे ड्रायव्हर मुदतीच्या निम्मी संख्या भरतो. साठ सेकंदांसाठी तो ५ कोटी गुणिले ६० भागिले २, म्हणजे १५० कोटी भरेल. ३२ बिटांत ही संख्या आरामात बसते, कुठेही तक्रार उमटत नाही. पण प्रत्यक्षात ठोके पडतायत सेकंदाला ३२,७६८. पहिला टप्पा संपायला पावणेतेरा तास लागतील आणि रीसेट व्हायला २५ तासांहून जास्त. लॉगमध्ये साठ सेकंद लिहिलेले असतील. वॉचडॉग चालू आहे असंही दिसेल. ठरलेल्या वेळी त्याला किक दिली जाईल, म्हणजे काउंटर वर भरला जाईल, सगळं सुरळीत.

उलट चूक झाली असती, म्हणजे काउंटर खरोखर ५० मेगाहर्ट्झवर असता आणि नोंदीतलं बोट ३२,७६८ हर्ट्झच्या क्लॉककडे असतं, तर साठ सेकंदांची मुदत ३९ मिलिसेकंदांवर आली असती. बोर्ड उभा राहायच्या आतच पुन्हा पुन्हा कोसळला असता आणि पहिल्याच दुपारी कुणीतरी ती ओळ दुरुस्त केली असती. मुदत कमी करणारी चूक आरडाओरडा करते. मुदत वाढवणारी चूक गप्प बसते. ती उघडकीला येण्याचा एकच मार्ग म्हणजे सॉफ्टवेअर खरोखर अडकणं, आणि त्या दिवशी तर आपल्याला वॉचडॉग हवा असतो. इतर कुठल्याही ड्रायव्हरची चूक वापरात लगेच दिसते: पडदा काळा राहतो, आवाज येत नाही. वॉचडॉगचा वापरच मुळात क्वचित होतो, म्हणून त्याच्या नोंदीची काळजी इतरांपेक्षा जास्त घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

नोंद चुकण्यापेक्षा नोंदच नसणं हा वेगळा प्रकार. ॲटमेलच्या एटी९१ चिपांमध्ये ‘स्लो क्लॉक’ नावाचा ३२,७६८ हर्ट्झचा एक क्लॉक आहे. त्याला १२८ नं भागून वॉचडॉगला सेकंदाला २५६ ठोके मिळतात. काउंटर १२ बिटांचा, त्यामुळे जास्तीत जास्त मुदत १६ सेकंद. हाच क्लॉक चिपमधल्या आणखी बऱ्याच मंडळींना लागतो. पण यांतल्या कुणीही तो क्लॉक आपल्याला लागतो असं ना डिव्हाइस ट्रीमध्ये सांगितलं होतं, ना ड्रायव्हरमध्ये मागितलं होतं. क्लॉक आपोआप चालू असायचा, सगळे त्यावर जगत होते.

लिनक्सची क्लॉक सांभाळणारी यंत्रणा वीज वाचवण्यासाठी प्रत्येक क्लॉकचे वापरकर्ते मोजते. मोजणी शून्यावर आली की क्लॉक बंद. आता एका शहाण्या ड्रायव्हरनं नियमाप्रमाणे स्लो क्लॉक मागितला, वापरला आणि काम झाल्यावर परत केला. मोजणी एकावर गेली आणि शून्यावर परत आली. कर्नलच्या दप्तरात दुसरा हक्कदारच नव्हता. क्लॉक बंद झाला आणि अख्खी यंत्रणा गोठली. आधी तात्पुरता उपाय म्हणून तो क्लॉक सक्तीनं कायम चालू ठेवला गेला, आणि २०१५ च्या सुमारास वॉचडॉगसह एकेका ड्रायव्हरमध्ये क्लॉक रीतसर मागण्याची आणि एकेका नोंदीत ‘क्लॉक्स’ची ओळ घालण्याची दुरुस्ती झाली. अशी दुरुस्ती मागाहून करणं वाटतं तितकं सोपं नसतं. बाजारात गेलेल्या उपकरणांत जुना डिव्हाइस ट्री असतो आणि कर्नल नवा येऊ शकतो; जुन्या वर्णनावर नवा कर्नल चालायलाच हवा अशी या क्षेत्रात अपेक्षा असते. पहिल्या दिवशी न लिहिलेली ओळ नंतर सक्तीची करता येत नाही. म्हणून बाइंडिंग तपासणारी मंडळी आग्रह धरतात, की ड्रायव्हर आज वापरत नसला तरी हार्डवेअरला जोडलेला प्रत्येक क्लॉक नोंदीत असू द्या. मला तो आग्रह रास्त वाटतो. वर्णन हार्डवेअरचं करायचं आहे, आजच्या ड्रायव्हरच्या सवयींचं नाही.

क्लॉक कोणता जोडायचा हे चिप बनवणारा ठरवतो, आणि तिथे एक जुनं शहाणपण आहे: वॉचडॉगचा क्लॉक प्रोसेसरच्या क्लॉकपासून स्वतंत्र असावा. प्रोसेसरचा क्रिस्टल बंद पडला आणि वॉचडॉगही त्यावरच असला, तर दोघं एकदम थांबतील आणि रीसेट करायला कुणीच उरणार नाही. एसटीएम३२ चिपांमधल्या स्वतंत्र वॉचडॉगला म्हणून ‘एलएसआय’ हा चिपच्या आतच रोधक आणि धारित्रावर चालणारा ऑसिलेटर दिलेला असतो. बाहेरचा क्रिस्टल तुटला तरी तो चालू राहतो. या घराण्यातल्या लिनक्स चालवणाऱ्या चिपांच्या बाइंडिंगमध्येही ‘एलएसआय’ आणि ‘पीसीएलके’ अशी दोन नावं आहेत.

स्वातंत्र्याची किंमत अचूकपणात मोजावी लागते. घराण्यातल्या जुन्या एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये एलएसआयचा दर ४० किलोहर्ट्झ सांगितलेला असला, तरी प्रत्यक्षात तो ३० ते ६० च्या दरम्यान कुठेही असू शकतो, हे चिपच्या डेटाशीटमध्येच छापलेलं आहे. काउंटर १२ बिटांचा, त्याआधी २५६ नं भागाकार. कागदावरची सर्वात मोठी मुदत २६.२ सेकंद. हाती आलेली चिप ६० किलोहर्ट्झची निघाली तर तीच मुदत १७.५ सेकंद होते, आणि ३० ची निघाली तर ३५. डिव्हाइस ट्रीमधल्या त्या क्लॉकच्या स्वतःच्या नोंदीत मात्र एकच आकडा असतो. म्हणून किक देण्याची वेळ ठरवताना कागदावरच्या मुदतीच्या काठावर जाऊन चालत नाही. लिनक्सवर बाकीच्या सेवा चालवणारं सिस्टमडी निम्म्या मुदतीला किक देतं ते अशा वेळी उपयोगी पडतं.

सगळ्याच वॉचडॉगना क्लॉकची ओळ लागते असंही नाही. रास्पबेरी पायच्या वॉचडॉगचा काउंटर सेकंदाला ६५,५३६ पावलं चालतो हे ड्रायव्हरमध्येच गृहीत धरलेलं आहे. २० बिटांत जेमतेम १६ सेकंद बसतात, म्हणून ड्रायव्हर पूर्वी १५ ची मर्यादा सांगत असे. एआरएमच्या सर्व्हरसाठीच्या प्रमाणित वॉचडॉगमध्ये दर एका रजिस्टरमधूनच वाचता येतो. अशी सोय सगळीकडे असती तर या प्रकरणाची गरजच पडली नसती.

पूर्वी बाइंडिंग ही साध्या मजकुराची फाइल असे, माणसानं वाचायची. २०१९ च्या आसपास ती वायएएमएल स्वरूपात, यंत्राला तपासता येईल अशा नियमांत लिहिली जाऊ लागली. क्लॉक किती, नावं कोणती, कोणत्या क्रमानं, हे आता एक आज्ञा देऊन हजारो नोंदींत तपासता येतं. चुकलेलं नाव किंवा विसरलेला दुसरा क्लॉक असे दोष त्यात पकडले जातात. पण दोन्ही नावं बरोबर आहेत आणि बोटं उलट्या क्लॉककडे दाखवली आहेत, हे कुठल्याही तपासणीला कळणार नाही. क्रमांक १२ च्या जागी १३ लिहिला गेला तर दोन्ही तितकेच वैध दिसतात. चिपच्या संदर्भ पुस्तिकेतली क्लॉकची आकृती समोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहणं, याला पर्याय नाही.

आणि मग घड्याळ लावून मोजणं. वॉचडॉग सिस्टमडीच्या ताब्यात असेल तर आधी तो मोकळा करून घ्यायचा, ‘डेव्ह’ फोल्डरमधली ‘वॉचडॉग’ ही फाइल उघडायची, मुदत हार्डवेअरच्या मर्यादेच्या आतली ठेवायची, एकदा लिहायचं आणि मग हात बांधून बसायचं, फोनवरचं स्टॉपवॉच चालू करून. मुदत मर्यादेपेक्षा मोठी ठेवली तर मधल्या काळात कर्नल स्वतःच किक देत राहतो, मग मोजमाप निव्वळ हार्डवेअरचं राहत नाही. ३० मागून ४४.७ सेकंदांना बोर्ड रीसेट झाला तर घाबरायचं कारण नाही, तो दोनाच्या घातांचा परिणाम आहे. बरोबर दुप्पट किंवा निम्मा वेळ लागला तर दोन टप्प्यांच्या हिशेबात किंवा वाटेतल्या एखाद्या भागाकारात गफलत आहे. काही टक्क्यांचा फरक आतल्या ऑसिलेटरचा. आणि काहीच घडलं नाही, चहा पिऊन झाला तरी बोर्ड शांत राहिला, तर कर्नलच्या डीबग फाइलींमधली ‘क्लॉक समरी’ उघडून वॉचडॉगच्या क्लॉकसमोर कोणता दर लिहिला आहे आणि तो किती जणांनी चालू ठेवला आहे, ते आधी बघायचं.